सहाशे तेरावी नोंद

पॉलिन लोपीसनं श्रीरंगचा सूड घ्यायला सुरुवात केली, तेव्हा श्रीरंगनं तिचं तोंडभरून कौतुक केलं होतं. "काय शिस्तीची मुलगी आहे! शिका जरा हिच्याकडून," असं तो अख्ख्या ऑफिसला ऐकवायचा. तीन वर्षं ऐकवत होता बिचारा. ज्याच्यासाठी खड्डा खणला जातोय तोच काठावर उभा राहून खणणारीच्या हाताची तारीफ करतोय, असा देखावा गोखिवऱ्याच्या त्या गाळ्यात रोज दिसायचा. पॉलिन खाली मान घालून म्हणायची, "थँक यू, सर."

गाळा दुसऱ्या मजल्यावर. खालच्या गाळ्यात प्लॅस्टिकच्या बादल्यांच्या कड्या बनायच्या, त्यामुळे वर बसणाऱ्यांच्या डब्यातल्या पोळीलाही प्लॅस्टिकचा वास. मालक जितेंद्र, ज्याला सगळं कालच हवं असायचं. माणसं सहा, कॉम्प्युटर पाच, आणि विकायला माल एकच: 'शुभयोग' नावाचा पत्रिका जुळवायचा प्रोग्रॅम. मुलामुलीची जन्मतारीख, वेळ आणि गाव भरायचं. छत्तीसपैकी किती गुण जुळले ते छापून हातात. विरारपासून पालघरपर्यंतची वधू-वर सूचक मंडळं तो वापरायची.

आणि हा प्रोग्रॅम लिहीत कोण होतं? गिरीज गावच्या लोपीसांची पॉलिन! जिच्या सात पिढ्यांत कुणी पत्रिका उघडून पाहिली नव्हती. त्यांच्या वाडीत सोयरीक ठरवताना मुलाची नोकरी, विहिरीचं पाणी आणि मुलाच्या आईची जीभ एवढ्या तीनच गोष्टी तपासत.

विषय परका, म्हणून पॉलिन तो जास्तच मन लावून शिकली. चंदनसारला आशालताबाई राहायच्या. वधू-वर सूचक मंडळाच्या त्या सर्वेसर्वा; विरार पूर्वेतलं एकही लग्न आपल्या नजरेखालून गेल्याशिवाय होत नाही असा त्यांचा समज होता आणि तो फारसा खोटा नव्हता. त्यांच्या घरी पॉलिन दोन आठवडे जुनी पंचांगं मांडीवर घेऊन बसली. तिथे बाईंनी तिला कळीची गोष्ट सांगितली. "हे बघ पोरी, घड्याळाचा दिवस मध्यरात्री बदलतो, पंचांगाचा सूर्योदयाला. पहाटे तीनला जन्मलेलं मूल आदल्या दिवसाच्या ओळीत शोधायचं. ते चुकलं की नक्षत्र चुकलं, नक्षत्र चुकलं की गुण चुकले, आणि गुण चुकले की दोन्हीकडचे मामा माझ्या दारात."

पॉलिननं ती तपासणी प्रोग्रॅममध्ये घातली. ऑफिसात तिला सगळे 'सूर्योदयाची ओळ' म्हणायचे. पॉलिनला तिचा केवढा अभिमान! घरी येऊन आईला सांगितलं, तर सालोमीबाई म्हणाल्या, "म्हणजे सूर्य उगवलाय की नाही ते तू ठरवतेस? मग उद्या जरा उशिरानं उगवव, माझी अळूची काढणी राहिलीय."

श्रीरंग हा तिचा वरिष्ठ. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि कुठल्याही प्रश्नाला "होऊन जाईल" हे उत्तर. हुशार होता, खोटं कशाला बोला. पण त्याच्या हाताला एक खोड होती. छपाईचं काम करायला बसला की जाता जाता रंग बदलायचा, जाता जाता एखादा हिशोब उलटा करायचा, जाता जाता कुणाच्या तरी फायलीत बोट घालायचा. गोधडी शिवायला बसलेल्या बाईनं शेजारणीच्या लुगड्यालाही दोन टाके घालावेत, तसं.

आता प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांची एक रीत असते. आपलं काम ते एका सामायिक कोठारात जमा करतात. जमा केलं की कोठार लिहून ठेवतं: कुणी, केव्हा, कुठल्या ओळी बदलल्या. आणि बदलणाऱ्यानं सोबत एक वाक्य लिहायचं असतं, का बदललं ते. या जमा करण्याला म्हणायचं कमिट. उद्या काही बिघडलं तर मागे जाऊन शोधता येतं आणि नेमका तेवढाच बदल काढून टाकता येतो. रीत चांगली; पाळणार कोण? त्या गाळ्यात सगळे आठवडाभराचं काम एकाच गठ्ठ्यात कोंबून टाकायचे आणि सोबतच्या वाक्यात लिहायचे 'कामं', 'बदल', 'फायनल'. श्रीरंग तर नुसता एक ठिपका टाकायचा. आणि सांगायला हरकत नाही, तेव्हा पॉलिनही त्यातलीच होती.

दोन हजार तीन साली गुड फ्रायडेला पॉलिनची सुट्टी होती, गाळ्याला नव्हती. दुसऱ्या दिवशी पालघरच्या एका मंडळाला प्रोग्रॅम दाखवायचा होता आणि सूर्योदयाच्या तपासणीपाशी तो अडखळत होता. श्रीरंग पॉलिनच्या मशीनवर बसला, ती ओळ बंद केली, वर इंग्रजीत 'तात्पुरतं' लिहून तीन उद्गारचिन्हं ठोकली, सगळं सीडीवर उतरवलं आणि घरी गेला. कुणाला सांगितलं नाही. होऊन जाईल!

सोमवारी पॉलिन आली. ईस्टरच्या जेवणानं अंग जड झालेलं. तिनं नेहमीसारखा आपल्या मशीनवरचा सगळा गठ्ठा उचलला, एकही फाईल उघडून न बघता कोठारात टाकला आणि लिहिलं, 'कामं'. श्रीरंगची ती ओळ तिच्या नावानं आत गेली.

पुढे महिन्याभरात आशालताबाईंच्या सख्ख्या भाचीची सोयरीक मोडली. मुलगा पहाटे चारच्या सुमाराला जन्मलेला; प्रोग्रॅमनं साडेतेरा गुण छापले. मुलाकडच्यांनी हात जोडले. नंतर बाईंनी स्वतः पंचांग काढून मांडणी केली, तर गुण निघाले सत्तावीस. तोवर मुलाचं दुसरीकडे ठरलंही होतं.

बाई गाळ्यात आल्या त्या पायातल्या चपला न काढता. "कुणी केलं हे?"

श्रीरंगनं कोठार उघडून दाखवलं. त्या ओळीसमोर नाव होतं पॉलिनचं. ओळीवरची तीन उद्गारचिन्हं कुणाची हे त्या क्षणी फक्त श्रीरंगला ठाऊक होतं. एक वाक्य बोलला असता तर ही सगळी गोष्टच घडली नसती. पण तो बोलला ते असं: "जाऊ द्या हो बाई, पोरगी ख्रिश्चन आहे. तिला सूर्योदय काय आणि नक्षत्र काय! चुकणारच. मी बघतो."

पॉलिन तीन हातांवर बसलेली. आशालताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. दोन आठवडे आपल्या ओट्यावर शिकवलेल्या मुलीकडे जसं पाहायला नको, तसं पाहिलं. आणि म्हणाल्या, "माझीच चूक झाली. शिकवायलाच नको होतं."

लोकांना वाटतं, राग शिव्यांचा येतो. तसं नसतं. पॉलिनला राग आला तो "मी बघतो" या दोन शब्दांचा.

तिनं त्याच दुपारी आपल्या मशीनवरची फाईल शोधली. फाईल शेवटची बदलल्याची वेळ: शुक्रवार, अठरा एप्रिल, दुपारी तीन वाजून बावीस मिनिटं. त्या वेळी ती गिरीजच्या चर्चमध्ये होती, क्रूसवंदनाच्या रांगेत, मागे आई आणि पुढे अख्खं गाव. ती जितेंद्रला बोलवायला गेली. जितेंद्र फोनवर होता. पंधरा मिनिटांनी दोघं आले, तर तिच्या खुर्चीवर श्रीरंग बसलेला. "पॉलिन, तुझं मशीन फार स्लो झालं होतं गं. सगळं साफ करून नव्यानं टाकून दिलं."

फाईल नवी, वेळ नवी. शुक्रवार गेला.

"काय दाखवणार होतीस?" जितेंद्रनं विचारलं.

"काही नाही, सर," पॉलिन म्हणाली. आणि तीन वाजून बावीस मिनिटं हा आकडा तिनं डोक्यात अशा जागी ठेवला, जिथे आपण मेलेल्या माणसांच्या तारखा ठेवतो.

घरीही सुटका नव्हती. गावातल्या बायका म्हणाल्या, बरं झालं, कशाला गेली नको त्या कुंडल्यांत. इकडे हिंदूंनी ख्रिश्चन म्हणून झाडलं, तिकडे ख्रिश्चनांनी हिंदूंच्या पत्रिका लिहिते म्हणून. मधल्या मध्ये पॉलिन रोज संध्याकाळी मागच्या पडवीत बसून आईला जुड्या बांधू लागायची आणि ओठ चावायची.

आणि तिथेच तिला हत्यार सापडलं.

त्यांच्या वाडीतली भाजी शेजारच्या फर्डिनंडच्या टेम्पोतून दादरला जायची. दहा घरांचा माल एकाच टेम्पोत; मग कुणाची जुडी कुठली हे कसं कळावं? तर प्रत्येक घराची केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, गाठ वेगळी. लोपीसांची दुहेरी, शेपूट डावीकडे. जुडी सडकी निघाली की व्यापारी ती गाठीसकट परत पाठवायचा, आणि गाठ बघून सगळ्या आळीला कळायचं. त्या संध्याकाळी पॉलिननं हाताला आलेली माठाची चार पानं अळूच्या जुडीत सारली. सालोमीबाईंनी जुडी तिच्या हातातून ओढून घेतली. घरच्या बोलीत त्या जे बोलल्या ते सगळ्यांना कळेल अशा मराठीत सांगायचं तर असं: "एका जुडीत दोन भाज्या घालतेस? गिऱ्हाईक सडका माठ परत करताना माझा चांगला अळूपण परत करेल की! आणि गाठ मारायच्या आधी आत काय आहे ते बघ. गाठ आपली आहे, बाय. आतलं पान कुणी घातलं ते कोण विचारत नाही."

पॉलिन जुडीकडे बघतच राहिली.

राहिलेलं शिक्षण गावच्या चर्चमधल्या फादर ॲन्सेल्म यांनी पुरं केलं. आता जिथे पापं सांगून क्षमा मागतात त्या कबुलीच्या कोठडीतलं बाहेर येऊ नये. फादरांनी ते कधीच कुणाला सांगितलं नाही हं. पॉलिननंच पुढे हसत हसत चार जणांना सांगितलं, आणि पाचव्यापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागतो?

ती म्हणाली, "फादर, माझ्या हातून इकडच्या तिकडच्या चुका झाल्या."

फादर म्हणाले, "इकडच्या कुठल्या आणि तिकडच्या कुठल्या? एकेक सांग. सगळ्यांचं गाठोडं करून क्षमा मागता येत नाही."

"मला एका माणसाचा सूड घ्यायचाय."

फादर सावध झाले. "कसा घेणार आहेस?"

"आजपासून प्रत्येक काम वेगळं जमा करणार. गाठ मारायच्या आधी आत बघणार. आणि प्रत्येकाखाली लिहिणार, काय केलं, का केलं आणि कुणाच्या सांगण्यावरून केलं."

फादर म्हणाले, "बाय, यात पाप कुठलं ते मला कळेना. तरी तीन नमो मरिया म्हण."

तर असा सुरू झाला सूड. बंद पडलेली सूर्योदयाची ओळ तिनं पहिल्याच दिवशी पुन्हा चालू केली. पॉलिनचा एक कमिट म्हणजे एक काम. अमावास्येची चूक सुधारली, एक कमिट. फॉर्ममधला फोन नंबरचा रकाना हलवला, दुसरा. दोन्ही एकाच फायलीत असले तरी वेगळे करून टाकायची. फक्त मोकळ्या जागा नीट केल्या असल्या तरी त्याचा वेगळा, म्हणजे खऱ्या बदलावर पांघरूण पडायला नको. टाकण्याआधी प्रत्येक ओळ जुनी-नवी शेजारी ठेवून वाचायची. आणि खालचं वाक्य! "मुलींचे फोन नंबर छापील यादीतून काढले, कारण तिऱ्हाईत मुलं फोन करतात, आशालताबाईंनी १४ तारखेला फोनवर सांगितलं." सहा महिन्यांनी वाचलं तरी कुणाला काही विचारावं लागू नये, असं. अर्धवट काम कधी टाकायची नाही. टाकलं की प्रोग्रॅम चाललाच पाहिजे.

श्रीरंग हसायचा. "पॉलिन, कमिट करतेस की कादंबरी लिहितेस?"

"सवय लागावी म्हणून, सर."

तिला बघून बाकीच्यांनाही सवय लागली. चुका लवकर सापडू लागल्या, जितेंद्र खूश झाला आणि त्यानं नियमच केला: एका कमिटमध्ये एक काम, खाली कारण, आणि प्रत्येकाचं स्वतःचं लॉगिन. दुसऱ्याच्या मशीनवर बसायचं नाही. श्रीरंगनं सगळ्यांसमोर टाळ्या वाजवल्या आणि स्वतःच्या नावानं ठिपका टाकत राहिला. तो साहेब, त्याला कोण बोलणार? पॉलिन तर नाहीच बोलली. ठिपके मोजत होती.

दोन हजार पाच साली कोठार बदललं, सबव्हर्जन नावाचं नवं आलं. त्यात अख्ख्या कमिटला एक क्रमांक मिळायचा आणि खालचं वाक्य एकदा लिहिलं की सहजासहजी पुसता यायचं नाही. श्रीरंग म्हणाला, "जुना कचरा कशाला न्यायचा? कोरं सुरू करू." पॉलिन पहिल्यांदा आवाज चढवून म्हणाली, "नाही सर, जुनं सगळं येणार. पहिल्या दिवसापासूनचं." तिनं ते स्वतः आणलं, आपल्या नावावरच्या त्या डागासकट. डाग पुसला असता तर सूड कशाचा घेणार होती?

या सबव्हर्जनमध्ये एक आज्ञा आहे. फाईल दिली की ती प्रत्येक ओळीसमोर ती लिहिणाऱ्याचं नाव छापते. आज्ञेचं नावच आहे 'ब्लेम', म्हणजे दोष. पॉलिनला ते पाठ करावं लागलं नाही.

शेवटी दोन हजार सहाचा नोव्हेंबर आला. तुळशीचं लग्न झालं की खरी लग्नं सुरू होतात. त्या आधी आशालताबाईंचा मोठा वधू-वर मेळावा, विरारच्या एका हॉलमध्ये. या वर्षी प्रत्येक पत्रिकेवर फोटो छापायचा होता. ते काम श्रीरंगनं घेतलं आणि चंदनसारच्या आपल्या घरी, घरच्या कॉम्प्युटरवर केलं. घरी प्रोग्रॅमची जी प्रत होती ती कधीची कोण जाणे. एरवी तो छपाईच्या चारच फायली उचलून आणायचा. त्या दिवशी घाई. अख्खा फोल्डर सीडीवर उतरवला, ऑफिसात नव्यावर ओतला आणि जमा केला. क्रमांक सहाशे बारा. फायली त्रेसष्ट. खाली एक ठिपका.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी अकराला आशालताबाई गाळ्यात. पुन्हा चपलांसकट. हातात छापील कागदांची चळत.

"जितेंद्र, हे काय आहे? पहाटे जन्मलेल्या एकूण एक मुलांची नक्षत्रं चुकलीत. आणि मुलींचे फोन नंबर छापून आलेत, सगळेच्या सगळे! उद्या हॉलवर मी काय तोंड दाखवू?"

जितेंद्रचा चेहरा उतरला. श्रीरंग उभा राहिला. अनुभवी माणूस, जीभ जुन्या वाटेनंच गेली. "सूर्योदयाचा भाग ना? ते पॉलिनचं काम, बाई. मी बघतो."

पॉलिननं मान वर केली. साडेतीन वर्षं ती या दोन शब्दांची वाट बघत होती.

"तुम्ही कशाला, सर? मी दाखवते." तिनं स्क्रीन बाईंच्या बाजूला वळवली आणि आज्ञा दिली. ओळी सरसर उतरल्या. सूर्योदयाची ओळ बंद केलेली, वर 'तात्पुरतं', तीन उद्गारचिन्हं, आणि समोर नाव: श्रीरंग, श्रीरंग, श्रीरंग.

"हे नाव कुणाचं म्हणायचं?" बाईंनी चष्मा पुसून विचारलं. त्यांना वाचता आलं नव्हतं असं नाही.

"काहीतरी गडबड आहे," श्रीरंग म्हणाला. "मी ही फाईल उघडलीच नाही. घरून आणलेल्या फोल्डरमध्ये जुनी असेल."

"किती जुनी, सर? सीडी बघू."

सीडी त्याच्या टेबलावरच होती. पॉलिननं ती आत सरकवली, फाईल शोधली आणि तारखेवर बोट ठेवलं. अठरा एप्रिल, दोन हजार तीन. तीन वाजून बावीस मिनिटं. श्रीरंगनं गुड फ्रायडेला पॉलिनच्या मशीनवरून उतरवलेली प्रत घरच्या कॉम्प्युटरमध्ये तशीच बसली होती. त्यानं स्वतःच आज ती गाठीसकट परत आणली.

"बाई," पॉलिन अगदी मऊ आवाजात म्हणाली, "तुम्ही इतक्या लोकांच्या वेळा बघता. गुड फ्रायडेच्या दिवशी दुपारी तीन वाजून बावीस मिनिटांनी ख्रिश्चन पोरगी कुठे असते?"

आशालताबाई थांबल्या. "चर्चमध्ये."

"आणि तिच्या खुर्चीवर?"

आशालताबाई वळल्या, दाराशी गेल्या, चपला काढून ठेवल्या आणि परत येऊन खुर्ची ओढून बसल्या. "माझ्या भाचीचं मोडलं ते हेच ना?" असं त्यांनी श्रीरंगला विचारलं, पण बघत होत्या पॉलिनकडे.

जितेंद्र वैतागून म्हणाला, "ते नंतर बघू! उद्या मेळावा आहे. पॉलिन, ते सहाशे बारा का काय ते काढून टाक आधी."

"काढते की सर, एका मिनिटात. पण फोटोपण त्यातच आहेत, तेही जातील. माझं काम असतं तर नेमकं तेवढंच निघालं असतं. ही जुडी मिसळीची आहे." तिनं खुर्ची मागे सरकवली. "ज्यानं बांधली त्यानं सोडावी."

आणि श्रीरंग बसला सोडायला. त्रेसष्ट फायली. शेजारी पॉलिन, पलीकडे आशालताबाई, मागे सगळं ऑफिस.

"ही ओळ कशासाठी बदलली, सर?"

"ते... जाता जाता."

"ठेवायची की काढायची?"

"आठवत नाही गं."

"आठवा. घाई नाही."

बाई मधूनच म्हणायच्या, "सावकाश होऊ द्या हो श्रीरंग, तुम्ही बघताय ना!" दोनदा चहा आला. श्रीरंगच्या इस्त्रीच्या शर्टाला पाठीवर नकाशा उमटला. बघणाऱ्यांना दया येत होती. पॉलिनला येत नव्हती. चार वाजेपर्यंत फोटोचं काम एकीकडे निघालं, फोन नंबर पुन्हा लपले, राहिली फक्त सूर्योदयाची ओळ. ती पॉलिनशिवाय कुणाला बसवता येणार नव्हती, हे श्रीरंगला माहीत होतं आणि पॉलिनलाही.

"ही मी बसवते," ती म्हणाली. "माझ्या नावानं, वेगळी. त्याआधी तुमचं जमा करा. तुमच्या नावानं. खाली कारण लिहा."

श्रीरंगनं ठिपका टाकला.

"नियम आहे, सर. तुम्हीच टाळ्या वाजवल्या होत्या."

त्यानं लिहिलं, 'दुरुस्ती'.

"कशाची?"

त्यानं जितेंद्रकडे पाहिलं. जितेंद्र खिडकीबाहेर बघत होता. आशालताबाई पुढे वाकल्या. "लिहा ना. भाचीचं लग्न तर आता मोडलेलंच आहे, निदान कारण तरी लिहून राहू दे."

श्रीरंगनं एका बोटानं लिहायला घेतलं. सूर्योदयाची तपासणी १८ एप्रिल २००३ रोजी पॉलिनच्या मशीनवर बसून मी बंद केली होती. ती पॉलिनच्या नावावर गेली.

"आपोआप गेली?" पॉलिननं विचारलं.

त्यानं शेवटचं वाक्य खोडलं आणि लिहिलं: ती पॉलिनच्या नावावर गेली हे मला माहीत होतं, मी बोललो नाही. चूक माझी. श्रीरंग.

बटण दाबलं. सहाशे तेरा.

पॉलिननं सूर्योदयाची ओळ बसवली, सहाशे चौदा, आणि साडेपाचला पर्स उचलून घरी गेली. दुसऱ्या दिवशी श्रीरंगनं जितेंद्रला हळूच विचारलं, ते वाक्य पुसता येईल का? जितेंद्रनं पॉलिनला विचारलं. ती म्हणाली, "पुसायची सोय आपण चालूच केलेली नाही, सर. सुरक्षिततेसाठी."

मेळावा झकास झाला. आशालताबाईंनी सहाशे तेराची छापील प्रत मागून घेतली आणि पंचांगात घालून ठेवली. पत्रिका बघायला येणाऱ्याला आधी ती दाखवायच्या. पॉलिनला घरी बोलावून म्हणाल्या, "मी तुला बोलले ते विसर." पॉलिन म्हणाली, "बाई, तुमचं विसरले." 'तुमचं' या शब्दावर जरा जास्तच जोर होता. ऑफिसात नवा माणूस आला की पॉलिन त्याला पहिलं काम द्यायची: सहाशेपासून सहाशे वीसपर्यंतच्या नोंदी वाच, म्हणजे कारण कसं लिहायचं ते कळेल. मग पोरं तेरावर अडखळायची, हळूच मान वळवून श्रीरंगच्या टेबलाकडे बघायची. चौथा नवा माणूस आला आणि श्रीरंगनं मुंबईत नोकरी धरली.

त्यानंतरच्या गुड फ्रायडेच्या आठवड्यात पॉलिन पुन्हा फादर ॲन्सेल्म यांच्या कोठडीत.

"त्या माणसाचं काय झालं?" फादरांनी विचारलं.

"त्यानं लिहून दिलं, फादर. स्वतःच्या नावानं."

"मग आता क्षमा केलीस ना?"

"करणारच होते. सगळी तयारी झाली होती. पण परवा कळलं, नव्या ऑफिसात तो सगळ्यांना शिकवतो, एका कमिटमध्ये एकच काम करा, खाली कारण लिहा. म्हणतो, ही माझी पद्धत."

फादरांना हसू आवरेना, पण जागा तशी नव्हती. "म्हणजे क्षमा केली नाहीस?"

"लिहून ठेवलीय, फादर," पॉलिन म्हणाली. "अजून जमा केली नाही."